शिफारस करणाऱ्याचं मत

सुभाषकाकांच्या मेलमध्ये स्वतःचं नाव दिसलं तेव्हा मृदुलाला आधी वाटलं, ही कुणी दुसरी मृदुला शितोळे असणार. परक्या घरात जावं आणि भिंतीवर आपलाच फोटो टांगलेला दिसावा, तसं काहीसं झालं. खरं तर ते घर परकं नव्हतं. गेली नऊ वर्षं रोज सकाळी बडोद्यात मकरपुऱ्याला कंपनीच्या बसमधून उतरलं, की पर्स खुर्चीला अडकवायची, पंखा लावायचा आणि काकांचा मेल उघडायचा, हा तिचा नेम होता. काकांच्या कंपनीत व्हॉल्व्ह बनत. त्या व्हॉल्व्हांविषयी जगातून जे कुणी काही विचारी, ते आधी मृदुला वाची आणि जे काही उत्तर जाई ते मृदुला लिही, खाली काकांचं नाव घालून. त्यामुळे त्या मेलमध्ये तिचं स्वतःचं नाव यायला काही कारणच नव्हतं. ती तिथे बिननावाने राहत होती. आणि आज बँकेच्या जाहिरातीच्या आणि सुरतेच्या एका तक्रारीच्या मधोमध तिचं नाव आडनावासकट बसलं होतं. अमेरिकेतल्या ज्या युनिव्हर्सिटीत तिने प्रवेशाचा अर्ज केला होता, तिने लिहिलं होतं की मृदुला शितोळे यांच्यासाठी आपण दिलेली शिफारस पोहोचली, आपल्या उत्तरांची प्रत सोबत जोडली आहे, आणि मुदत संपेपर्यंत आपल्याला खालच्या लिंकवरून त्यात बदल करता येईल. मुदत तिकडच्या घड्याळाने आज मध्यरात्रीची, म्हणजे आपल्याकडे उद्या सकाळची. मृदुलाने तो मेल बंद केला. मग तो वाचलाच नाही असं दिसावं म्हणून त्याच्यावर पुन्हा न वाचल्याची खूण केली. कुणापासून लपवत होती कोण जाणे, कारण त्या मेलमध्ये तिच्याशिवाय कुणी डोकावतच नसे.

प्रत वाचायची नव्हती, कारण न वाचण्याचं तिने कबूल केलं होतं. अर्जात तशी एक ओळ होती: माझ्याविषयी लिहिलेली शिफारसपत्रं बघण्याचा हक्क मी सोडत आहे. हक्क सोडला की युनिव्हर्सिटी पत्रावर जास्त विश्वास ठेवते म्हणे, म्हणून सगळेच सोडतात. मृदुलानेही सोडला होता आणि सोडताना चक्क हसली होती. आपलं शिफारसपत्र वाचायचं कशाला, ते तर आपणच लिहायचं असतं! बडोद्यात शिकलेल्या कुणालाही विचारा. कॉलेजातल्या सरांकडे गेलं, की सर चष्म्यावरून बघतात, बस म्हणतात, चहा सांगतात आणि म्हणतात, ‘‘तू लिहून आण, मी सही करतो.’’ मृदुलाला दोन पत्रं सरांची हवी होती. पहिल्या सरांना ती आठवतच नव्हती. त्यांनी प्रामाणिकपणे तसं सांगितलं आणि वर म्हणाले, ‘‘पण तू चांगलीच असणार, नाहीतर एवढ्या वर्षांनी आली असतीस का?’’ दुसऱ्यांना ती आठवत होती, पण दुसऱ्याच कुणाच्या जागी. दोघांची पत्रं तिने एका रविवारी दुपारी आईच्या शिलाई मशिनवर लॅपटॉप ठेवून लिहून काढली. एकाला गंभीर केलं, दुसऱ्याला थोडं मायाळू. दुसऱ्याच्या आवाजात लिहिणं तिच्या हातचा मळ होता. तिला स्वतःच्या आवाजात लिहिताच येत नव्हतं, आणि ते कळलं उद्देशपत्र लिहायला बसल्यावर. आपण हा अभ्यास का करू इच्छिता, तर पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं, आमच्या कंपनीची अशी इच्छा आहे.

कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्स. या तीन शब्दांशी आपलं काही नातं असेल असं बी.कॉम. करताना तिच्या गावीही नव्हतं. कंपनीत आली तेव्हा माल कुठे आहे हे तीन माणसांच्या डोक्यात असे, आणि तिघांपैकी एक कायम रजेवर. मृदुलाने आधी एक तक्ता केला, मग तक्त्यांचा तक्ता, मग रात्री जागून शिकत शिकत एक अख्खी यंत्रणाच उभी केली, की मुंबईच्या गिऱ्हाइकाने विचारावं आणि त्याचा माल कुठल्या यंत्रावर आहे ते बसल्या जागी सांगता यावं. कुणी तिला ते कर म्हणून सांगितलं नव्हतं आणि झाल्यावर कुणाच्या लक्षातही आलं नाही. नळाला पाणी येतं तशी ती माहिती येऊ लागली. पण तिच्या मनात मात्र एक दार किलकिलं झालं होतं. अशा गोष्टींचा नीट अभ्यास असतो, त्याची पदवी असते, ती देणाऱ्या जागा असतात, हे तिला हळूहळू समजत गेलं, आणि एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिने त्या युनिव्हर्सिटीचं प्रवेशाच्या अटींचं पान उघडलं. त्या अटींवर तिने दोन वर्षं काढली. पदवी कुठल्याही शाखेची चालेल, पण मग प्रोग्रॅमिंग, संख्याशास्त्र आणि डेटाबेस हे विषय वेगळे करून दाखवावे लागतील. ते तिने ऑनलाइन केले, बसमधून येता-जाता कानात वायरी खुपसून. गुणपत्रकं इथल्या युनिव्हर्सिटीच्या शिक्क्याच्या बंद पाकिटात हवीत. त्यासाठी तिथल्या ऑफिसच्या खिडकीसमोर ती इतक्यांदा उभी राहिली की आतला माणूस तिला ‘या ताई’ म्हणू लागला. इंग्रजीची परीक्षा. त्या परीक्षेत, तुमच्या आयुष्यावर प्रभाव टाकणाऱ्या माणसाबद्दल दोन मिनिटं बोला, असं सांगितलं तेव्हा तिच्या तोंडून सुभाषकाका असं बाहेर पडलं आणि ती न अडखळता बोलत राहिली. मार्क चांगले मिळाले. ते कळले त्या दिवशी तिला त्या मार्कांची उगीच भीती वाटली, जणू ते काकांनाच मिळाले होते.

शेवटची अट तिसऱ्या पत्राची होती. ते आपल्या सध्याच्या वरिष्ठांकडूनच हवं होतं, आणि तिथे मृदुला अडकली.

कारण ते पत्र दोघांना वाचायचं होतं. अमेरिकेत बसलेल्या कुणाला पटायला हवं होतं, की ही मुलगी नसती तर ही कंपनी चाललीच नसती. आणि सही करताना काकांना पटायला हवं होतं, की ही मुलगी गेली तरी कंपनीचं काही अडणार नाही. एकाच कागदावर या दोन गोष्टी कशा मांडायच्या? तिने कितीतरी मसुदे केले. खरं लिहिलं की वाटायचं, हे वाचून काका सोडणारच नाहीत. हातचं राखून लिहिलं की वाटायचं, ते लोक घेणारच नाहीत. बसमध्ये खिडकीशी डोकं टेकून ती वाक्यं जुळवायची. वाटेतल्या लालबागच्या पुलावर एखादं वाक्य जमल्यासारखं व्हायचं आणि मकरपुरा डेपो येईपर्यंत विटून जायचं. त्याहून वाईट म्हणजे, काकांच्या आवाजात लिहायला लागली की स्वतःविषयी तिला एकच सुचायचं: मृदुला मेहनती आहे, नियमित आहे, सांगितलेलं काम वेळेवर करते. काकांना तिच्याविषयी एवढंच माहीत होतं, आणि तिच्या डोक्यातल्या काकांना तरी त्याहून जास्त कुठून माहीत असणार! हा आपलाच आवाज आहे का, असं तिला एका संध्याकाळी वाटलं. इतकी वर्षं या माणसाच्या नावाने बोलून बोलून आपण आपल्यालाही त्याच्याच नजरेने बघायला लागलो की काय? जर्मनीचं एक गिऱ्हाईक एकदा बडोद्याला आलं होतं. काकांच्या पत्रांवर इतकं खूश, की हॉटेलवर न जाता विमानतळावरून थेट कंपनीत. आणि प्रत्यक्षात काका त्याच्यापुढे नुसते हसत बसलेले, ‘यस यस, व्हेरी गुड’ म्हणत. तो गोरा बिचारा गोंधळून इकडेतिकडे बघत होता. पत्रातला तो चतुर, मिश्किल माणूस कुठे गेला ते त्याला कळेना. मृदुला त्याच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास ठेवत होती. तेव्हा तिला गंमत वाटली होती. आता ते आठवलं की गंमत वाटत नसे.

शेवटी तिने एक मधलाच, धड ना इकडचा ना तिकडचा मसुदा केला आणि काकांना सांगितलं. म्हणजे सांगितलं असं नाही. सहीच्या कागदांबरोबर नेऊन ठेवला. काकांची सही करण्याची पद्धत कंपनीत सगळ्यांना ठाऊक होती: मृदुलाने कागद पुढे सरकवायचा, जिथे सही हवी तिथे बोट ठेवायचं, काकांनी बोटाशेजारी सही करायची. तो माणूस वाचत नसे. वाचण्याचा कंटाळा असं नाही, विश्वास. त्या दिवशीही मृदुलाने बोट ठेवलं, आणि घाईघाईत म्हणाली, ‘‘काका, हे माझं आहे. मी पुढे शिकायला अमेरिकेचा अर्ज करतेय. तुम्हाला मेलवर एक लिंक आलीय, त्यात हे घालायचंय. मी घालते, तुम्ही फक्त हो म्हणा.’’ काकांनी पेन उचललं होतं. ते तसंच हवेत राहिलं. मग त्यांनी पेन ठेवून दिलं, तो कागद न वाचताच तिला परत केला आणि म्हणाले, ‘‘ना बेटा. हे मी करणार. तू जा बहार. मशीन चालू करून दे अने जा.’’ मशीन म्हणजे कॉम्प्युटर. तिने लिंक उघडून दिली आणि बाहेर आली. काचेतून दिसत होतं, काका एका बोटाने टाइप करताहेत. एक अक्षर दाबायचं, मान वर करून पडद्यावर बघायचं, पुन्हा खाली. जेवणाची सुट्टी झाली आणि संपली. काकांचा डबा तसाच. बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता आणि एवढंच म्हणाले, ‘‘थई गयुं. झालं.’’ तिच्याकडे बघितलं नाही. तेव्हापासून आजपर्यंत त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं नव्हतं. ती मात्र चार दिवस हवेत होती. कुणीतरी तिच्याविषयी, तिने न लिहिलेलं काहीतरी लिहिलं होतं.

दुपारपर्यंत तिने कळ काढली. सुरतेची तक्रार मिटवली, दोन गाड्या रवाना केल्या. मधेच बाबांचा फोन आला, काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दांडिया बजारातल्या दुकानात मिळाल्या, संध्याकाळी घेऊन जा म्हणून. काका आणि बाबा एका गल्लीत वाढलेले. काका गुजराती, त्यांचं मराठी त्या गल्लीतलं. पुढे बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये चिकटले आणि काका धंद्यात पडले, तरी येणंजाणं तुटलं नाही. मृदुलाची नोकरी म्हणजे बाबांनी टाकलेला शब्द. बी.कॉम. होऊन ती घरी बसली होती, आणि एका दिवाळीला काका फराळाला आले असताना बाबा म्हणाले होते, ‘‘सुभाष, हिला तुझ्याकडे कुठेतरी बसव रे.’’ कुठेतरी बसव. मृदुला आत चकल्या ताटात काढत होती आणि तिने ते ऐकलं होतं. काकांनी दुसऱ्या दिवसापासून बसवलं. लोक म्हणत, भाग्य लागतं. खरंच लागतं. पगार कधी चुकला नाही. आईच्या ऑपरेशनच्या वेळी काका हॉस्पिटलात बाकड्यावर बसून होते, कुणी बोलावलं नसताना. अशा माणसाविरुद्ध मनात काही आणायचं तर ते धरून ठेवायला जागाच नव्हती, सगळीकडून हात निसटायचा. अमेरिकेचं तिने घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले होते, ‘‘सुभाषला काय वाटेल?’’ तिला काय वाटतं ते विचारलं नव्हतं. आईने विचारलं, ‘‘बत्तिसाव्या वर्षी शिकायचं?’’ पण तो प्रश्नही तिला नव्हता, हवेला होता. त्या रात्री मृदुला पंख्याकडे बघत पडली आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ कळलं, की आपल्याला कुणीही कोंडलेलं नाही, दारंही उघडी आहेत, फक्त प्रत्येक दारात कुणीतरी आपलं माणूस उभं आहे, आणि त्याला बाजूला हो म्हणायला आपल्याला शिकवलेलं नाही.

चहानंतर तिने प्रत उघडली. दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. त्या मेलमधलं सगळं उघडायचं हे तिचं कामच, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

आधी रकाने होते. प्रामाणिकपणा, चिकाटी, पुढाकार, तर्कबुद्धी. प्रत्येकासमोर काकांनी सगळ्यात वरची जागा निवडली होती, पाहिलेल्या सर्वांमध्ये सर्वोत्तम. फक्त एका ठिकाणी, लेखनकौशल्यासमोर, त्यांनी लिहिलं होतं, सांगता येत नाही, बघण्याचा प्रसंग आला नाही. मृदुला मोठ्याने हसली. पलीकडच्या टेबलावरून शालिनीने मान वर करून बघितलं, तेव्हा तिने खोकल्यासारखं केलं. मग खाली मोकळी जागा होती, शिफारस करणाऱ्याने आपल्या शब्दांत मत लिहावं. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण तिला ते सरळ काकांच्या आवाजातच ऐकू आलं. मी या मुलीला लहानपणापासून ओळखतो. ही गेली तर माझी कंपनी बंद पडेल. माल कुठे आहे हे मला माहीत नसतं, हिला माहीत असतं. मला मेल उघडता येत नाही. हे लिहायला मला किती वेळ लागला ते तुम्हाला कळणार नाही. माझी स्वतःची मुलगी कोमल सिडनीला असते, ती चांगली आहे, फोन करते. ही रोज येते. तुमच्याकडे जगातून पुष्कळ हुशार मुलं येत असतील. माझ्याकडे ही एक आहे. म्हणून विनंती की हिला घेऊ नये. आणि त्याच्या खाली चार पर्याय होते. आग्रहाने शिफारस करतो, शिफारस करतो, काही शंकांसह शिफारस करतो, शिफारस करत नाही. काकांनी चौथ्यावर खूण केली होती.

आपल्याला राग आला आहे असं तिला वाटलं, पण नीट बघितलं तर तो आनंद होता, आणि त्याची तिला इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या. माझ्याकडे ही एक आहे. एवढं तिच्याविषयी आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आईबाबांनी नाही, बघून गेलेल्या आणि नंतर कळवतो म्हणालेल्या त्या दोन-तीन घरांनी तर नाहीच. तिने स्वतः केलेल्या इतक्या मसुद्यांमध्ये असलं एकही वाक्य नव्हतं. त्या मसुद्यांत जे दोन वाचक एकत्र बसत नव्हते ते इथे बसले होते. युनिव्हर्सिटीला जे पटायला हवं होतं ते सगळं काकांना आधीच पटलेलं होतं, आणि म्हणूनच ते तिला सोडत नव्हते. खरं बोलणारं पत्र हवं होतं ना? घे खरं. ती पुन्हा वाचत गेली. प्रत्येक वेळी त्या एका ओळीपाशी छाती भरून यायची आणि पुढच्या ओळीपाशी कुणीतरी बाहेरून कडी लावल्यासारखं व्हायचं.

मेलमध्ये बदलाची लिंक होतीच. तिने दाबली. पान उघडलं, तेच रकाने, तीच खूण. बाण चौथ्या पर्यायावरून पहिल्यावर न्यायचा, दाबायचं, खालची ‘म्हणून विनंती की’ पुसायची, पुन्हा पाठवायचं. यात नवीन काय होतं? इतकी वर्षं ती दुसरं काय करत आली? काकांनी ‘ना बोल’ म्हणावं आणि तिने त्याचं सौम्य, हसरं, दार उघडं ठेवणारं पत्र करावं. कितीदा तर तिने त्यांच्या ‘ना’चा ‘हो’ केला होता आणि कंपनीचं भलंच झालं होतं, काकांना पत्ताही लागला नव्हता. बोट माउसवर होतं. पण हे पत्र त्यांचं होतं. त्या मेलमधून आजवर गेलेलं एकमेव पत्र, जे खरोखर त्यांचं होतं, घाम गाळून एकेक अक्षर दाबून लिहिलेलं. ते बदललं तर तिच्याविषयी कुणी काही म्हटलं होतं हेही पुसलं जाणार, मग पुन्हा जगात तिच्याविषयी बोलणारी ती एकटीच. न बदललं तर जागा गेली. काकांनी असं लिहिलंय पण माझं ऐका, असं स्वतःच्या नावाने युनिव्हर्सिटीला कळवावं, तर वाचणार नाही म्हणून कबूल केलेलं मोडल्याचं आपणच सांगितल्यासारखं होतं, अर्जच बाद. मृदुलाने अटी इतक्या वेळा वाचल्या होत्या की त्यात कुठे फट नाही हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसेल. तिने पान बंद केलं. पंख्याखाली बसूनही ब्लाउज पाठीला चिकटला होता. खाली यंत्रं एका लयीत चालली होती, आणि आपण इथून गेल्यावरही ती अशीच चालतील की थांबतील, हे आपल्यालाच ठरवायला लावलंय असं तिला वाटत राहिलं.

संध्याकाळी शालिनी पर्स उचलून म्हणाली, ‘‘चल ने, बस लागली.’’ मृदुला म्हणाली, ‘‘तू हो पुढे.’’ आणि काकांच्या केबिनमध्ये गेली. काका गोळ्यांची चिठ्ठी शोधत होते. तिने म्हटलं, ‘‘गोळ्या बाबांकडे आहेत.’’ मग म्हटलं, ‘‘काका, मी वाचलं.’’

काका शोधायचे थांबले. काय वाचलं असं त्यांनी विचारलं नाही. टेबलाच्या काचेकडे बघत म्हणाले, ‘‘खोटं लिहिलंय मी?’’

‘‘नाही.’’

‘‘एकपण अक्षर?’’

‘‘नाही काका. पण तुम्ही घेऊ नका म्हणालात.’’

‘‘तर काय बोलू? घेऊन जा बोलू?’’ काकांचा आवाज चढला आणि लगेच बसला. ‘‘चार दिवस झोप नाय मला, बेटा. तुझ्या बाबाला, मोहनला, तोंड दाखवायला नाय गेलो. मला वाटलं तू तर वाचणारच. वाचशे अने बदली नाखशे. पासवर्ड तर तुझ्याकडेच छे ने. मेल तुझाच. तू बदलून टाकलं असतं तर मी काय बोलणार होतो? मला तर समजलंपण नसतं.’’

म्हणजे त्यांनी तोही विचार केला होता. त्यांना जे वाटत होतं ते लिहायचं आणि ते खोडायचं काम तिच्यावर सोडायचं. पाप दोघांपैकी कुणाचंच नाही. मृदुलाला वाटलं, हा माणूस खरंच आपला आहे, आपल्यासारखाच आहे, दुसऱ्याच्या हाताने लिहिणारा. आणि त्याच क्षणी तिला इतकं दमल्यासारखं झालं, की ती समोरच्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत ती कधीच बसली नव्हती.

‘‘मी नाही बदलणार,’’ ती म्हणाली. ‘‘मला जायचंय, काका. खूप जायचंय. इथे मला श्वास पुरत नाही. तुम्ही वाईट नाही आहात म्हणून तर पुरत नाही. पण ते मी नाही बदलणार. तुम्ही लिहिलंय. ठेवायचं तर तुम्ही ठेवा, बदलायचं तर तुम्ही बदला. उद्या सकाळपर्यंत आहे.’’

‘‘पण मला येत नाय ने ते!’’

‘‘लिहिलंत ते कसं लिहिलंत?’’

काकांनी खुर्ची ओढून कॉम्प्युटरकडे केली आणि माउस हातात घेतला, गरम भांडं धरावं तसा. ‘‘क्यां छे?’’ ते पुटपुटले. ‘‘अमेरिकावाळाचा मेल कुठे गेला?’’ मृदुलाला इथून पडदा दिसत होता. काका चुकीच्या ठिकाणी गेले होते. पाठवलेल्या पत्रांचा तो ढीग होता, तिथे आलेलं पत्र मिळणारच नव्हतं. वर डाव्या हाताला एकदा दाबलं की झालं. तिच्या जिभेच्या टोकावर ते आलं, हात आपसूक उचलला गेला, बोट दाखवायला. तिने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिली. आता बोट दाखवलं की ते बोटाशेजारी दाबणार, आणि मग ते पुन्हा तिनेच केलेलं होणार.

काका खाली खाली जात राहिले. जवळजवळ सगळी इंग्रजी पत्रं, सगळ्यांखाली त्यांचं नाव. मधेच एका गुजराती पत्रापाशी ते थांबले, कदाचित ते चटकन वाचता आलं म्हणून. जवळच्या करजण गावच्या दत्तात्रेयचे वडील गेले तेव्हाचं पत्र. दत्तात्रेय त्यांचे व्हॉल्व्ह विकायचा. काका ओठ हलवत वाचत होते आणि मृदुलाला ते पडद्याकडे न बघताही पाठ होतं. तुमच्या दुकानात आलेल्या माणसाला तुमच्या वडिलांनी आधी पाणी विचारलं, मग काम. मी तुमच्याकडे आलो तो निम्म्या वेळा त्या पाण्यासाठीच. वडील गेल्यावर आपल्याला काम विचारणारे पुष्कळ उरतात, पाणी विचारणारं कुणी उरत नाही. काकांनी ते शेवटपर्यंत वाचलं. पुन्हा वर गेले आणि पुन्हा वाचलं.

‘‘हे मी सांगितलेलं तुला?’’

‘‘पाण्याचं तुम्ही एकदा बोलता बोलता म्हणाला होतात. त्याचे वडील गेले त्या दिवशी फक्त म्हणालात, दोन ओळी टाक.’’

‘‘दोन ओळी,’’ काका म्हणाले. बाहेर बसने हॉर्न दिला, थोडा वेळ वाट बघितली आणि ती निघाली. तिचा आवाज फाटकाबाहेर जाईपर्यंत दोघंही ऐकत होते. ‘‘तो करजणथी इथे आला होता. आ केबिनमां. मला गळ्यात पडून रडला. बोलला, सुभाषभाई, तुम्ही लिहिलं तसं कुणी नाय लिहिलं. मी पण रडलो.’’

‘‘हो,’’ मृदुला म्हणाली. ‘‘मी चहा घेऊन आले होते.’’

काका तिच्याकडे बघत राहिले. चार दिवसांत पहिल्यांदाच, आणि असं तर बहुतेक आजवर कधीच नाही. त्यांचे डोळे लाल झाले होते. मृदुलालाही रडू येत होतं, पण हात मांड्यांखाली होते आणि ते तिने काढले नाहीत. मग काका पडद्याकडे वळले, पुन्हा माउस पकडला, पुन्हा चुकीच्या जागी दाबलं. कुठलीतरी जुनी पावती उघडली. ती त्यांनी बंद केली. मृदुला पुढे झुकलेली त्यांना बाजूने दिसली असावी.

‘‘ना, सांगू नको,’’ काका म्हणाले. ‘‘मी शोधतो.’’